बंदिवास, मन आणि टोळी

सोलापूर शहरातील एका मोठ्या वस्तीला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. ब्रिटिश सरकारने १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांपैकी पारधी, कैकाडी, भामटा आदी जमातींच्या कुटुंबांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले होते. कोणत्याही न्यायालयात गुन्हा शाबीत न होता आणि शिक्षेची मुदत न ठरता बायकामुलांसह भोगावा लागलेला हा तुरुंगवासच होता. त्यामुळे बंदिवासाने मनाचे काय होते आणि बंदिवासात टोळ्या का बांधल्या जातात, याचा विचार सोलापुरातून सुरू करणे सयुक्तिक ठरते.

या कायद्याच्या शब्दांतच टोळीची कल्पना होती. एखादी ‘जमात, टोळी किंवा वर्ग’ सराईत गुन्हेगार आहे असे सरकारला वाटले की तिला तसे जाहीर करता येत असे. मग नावे नोंदवहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि पासाशिवाय हद्द ओलांडता येत नसे. कापडगिरणीत दिवसभर राबून आलेल्या मजुरालाही ही हजेरी चुकत नव्हती, कारण गैरहजेरी हाच स्वतंत्र गुन्हा होता. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याची तरतूदही कायद्यात होती. आपण चोर नाही हे ज्याला रोज सिद्ध करावे लागते आणि तरीही ज्याच्यावर विश्वास ठेवला जात नाही, त्याला बाहेरच्या जगाविषयी आपुलकी वाटावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. असा माणूस आपल्यासारख्याच शिक्का बसलेल्यांच्या आधाराने उभा राहतो. म्हणजे ज्या एकजुटीची सरकारला भीती होती, तिला बळ देणारी परिस्थिती सरकारनेच निर्माण केली होती.

समाजशास्त्राने या प्रक्रियेला पुढे नाव दिले. डोनाल्ड क्लेमर या अमेरिकी अभ्यासकाने १९४० साली ‘तुरुंगीकरण’ ही संकल्पना मांडली. कैदी हळूहळू तुरुंगाची भाषा, रीत आणि निष्ठा आपल्याशा करतो आणि बाहेरच्या जगण्याची सवय हरवून बसतो, असा तिचा आशय आहे. ग्रेशम साइक्स यांनी १९५८ साली बंदिवासाच्या यातना पाच प्रकारच्या वंचनांत मांडल्या : स्वातंत्र्य, साध्या गरजेच्या वस्तू, स्त्री-पुरुष सहवास, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मुभा आणि सुरक्षितता. यांतील चौथी वंचना वरकरणी किरकोळ वाटते, पण तीच सर्वांत खोल जाते. कधी उठायचे, कधी जेवायचे, दिवा कधी मालवायचा हे वर्षानुवर्षे दुसऱ्यानेच ठरवले की निर्णयशक्ती गंजते, आणि सुटून आलेला माणूस घरातल्या साध्या प्रश्नापुढेही गोंधळतो किंवा चिडतो. घरच्यांना तो उद्धटपणा वाटतो. वास्तविक ती बंदिवासाची खूण असते.

पाचव्या वंचनेतून टोळी उभी राहते. गच्च भरलेल्या बराकीत नवा कच्चा कैदी, म्हणजे खटला चालू असलेला बंदी, येतो तेव्हा झोपायला जागा कोण देणार, घरची मनिऑर्डर येईपर्यंत कँटीनमधून साबण कोण आणून देणार आणि अंगावर कोणी धावून आले तर मध्ये कोण पडणार, हे त्याचे पहिले प्रश्न असतात. प्रशासनाकडे त्यांची उत्तरे नसली की ती बराकीतल्या ‘भाई’कडे असतात, आणि त्या उपकारांची परतफेड पुढे निष्ठेने करावी लागते. डेव्हिड स्कारबेक यांनी कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांचा अभ्यास करून २०१४ साली नेमके हेच मांडले : कैद्यांची संख्या मोजकी असते तोवर परस्पर ओळखीवर व्यवहार चालतात, ती अफाट वाढली की संरक्षण, उधारी आणि तंटे सोडवणे ही कामे टोळ्या हाती घेतात. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात विरोधी टोळ्यांच्या माणसांना वेगवेगळ्या बराकींत ठेवावे लागले. मारामाऱ्या टाळण्यासाठी ते आवश्यकही होते, पण त्यामुळे टोळी हाच कैद्याचा पत्ता बनतो, हा त्यातला धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही.

गर्दीचे कारणही उघड आहे. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन होते. ज्यांचा गुन्हा अद्याप ठरलेलाच नाही अशी माणसे टोळीच्या छायेत ढकलली जातात, ही या व्यवस्थेची सर्वांत गंभीर चूक म्हणावी लागेल.

वेगळा मार्ग सोलापूरला लागून असलेल्या सांगली जिल्ह्यात पूर्वीच चोखाळला गेला. औंध संस्थानात १९३९ साली मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली, जिथे शिक्षा झालेले कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामागची प्रेरणा हीच. कुटुंब, काम आणि विश्वास या तिन्ही गोष्टी राज्यव्यवस्थेकडूनच मिळाल्यावर कैद्याला टोळीची गरज उरत नाही. सेटलमेंटमध्येही कुटुंब होते, कामही होते. विश्वास तेवढा नव्हता.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला, पण त्याची दृष्टी तुरुंगांच्या नियमपुस्तकांत टिकून राहिली. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगातील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त, म्हणजे या कायद्याच्या शिक्क्यातून मुक्त झालेल्या, जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याची प्रथा थांबवण्याचा आदेश दिला. न्यायाधीन बंद्यांच्या गर्दीवरही कायद्यात उपाय आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, जन्मठेप वा फाशीची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या आणि दुसरा खटला प्रलंबित नसलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर त्याला जामीन मिळू शकतो. ओळखीतले कोणी असे अडकून पडले असेल, तर नातेवाइकांनी मुलाखतीच्या वेळी कोठडीतील दिवसांचा हिशेब विचारून घ्यावा आणि तो घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तेथे बंद्यासाठी वकील विनामूल्य दिला जातो.