इंडिया गेट : नावे कुणाची, आकडे कुणाचे?

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये कामी आलेल्या जवानांची नावे दिल्लीच्या इंडिया गेटवर कोरली आहेत, असे आपण शाळेपासून ऐकतो. ४२ मीटर उंचीच्या त्या कमानीच्या माथ्यावरचा लेख फ्रान्स, फ्लँडर्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली इथल्या मृतांना वंदन करतो, हे खरेच. पण भिंतींवरची सुमारे १३,३०० नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९च्या तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. त्यांतल्या हजारभर जणांच्या कबरी सिंधूपलीकडे आहेत. त्यांची निगा राखणे अशक्य झाले, म्हणून ती नावे इथे कोरली गेली.

ड्यूक ऑफ कनॉटने १० फेब्रुवारी १९२१ रोजी पायाभरणी केली आणि व्हाइसरॉय आयर्विनने १२ फेब्रुवारी १९३१ रोजी उद्घाटन केले. मृत सैनिक सर्व धर्मांचे होते, आणि वास्तुकार लट्यन्सने कमानीवर एकाही धर्माचे चिन्ह ठेवले नाही. कंगोऱ्यांवर मात्र साम्राज्याचे सूर्य कोरले. म्हणजे बलिदान सर्वांचे आणि सूर्य राजाचा. पुढे मागच्या छत्रीत पंचम जॉर्जचा पुतळाही आला.

तो पुतळा १९६८ मध्ये हलवला गेला आणि छत्री अर्धशतकाहून अधिक काळ रिकामी राहिली. बांगलादेश युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी, इंदिरा गांधींनी कमानीखाली अमर जवान ज्योती अर्पण केली. २१ जानेवारी २०२२ रोजी ती ज्योत शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन झाली. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला छत्रीत नेताजींचा पुतळा उभा राहिला. ब्रिटिश फौजेतून लढलेल्यांच्या नावांमागे आज त्याच फौजेशी लढलेल्या सेनेचा सेनानी उभा आहे. आपल्या इतिहासाच्या या दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी पुसण्याचे कारण नाही.

मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. तिथे पडलेल्या आणि ज्ञात कबर नसलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीनिहाय फक्त आकडा. मृतांमध्ये असा भेदभाव झाल्याचे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१च्या अहवालात मान्य करून माफीही मागितली.

हाच आकडा आपल्या दाराशीही आहे. साताऱ्याकडे आणि कोकणात अनेक गावांत इंग्रजांनी बसवलेली संगमरवरी पाटी दिसते : या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके मरण पावले. नाव एकाचेही नाही. तुमच्या गावात अशी पाटी असेल, तर आयोगाच्या नोंदी आणि घराघरांतली जुनी पदके, पेन्शनचे कागद धुंडाळा. सापडतील ती नावे त्या पाटीखाली लिहा. हे काम दिल्लीच्या हुकमाची वाट न पाहता एका ग्रामसभेच्या ठरावाने सुरू होऊ शकते.