डोंगराची सावली आणि बिनतारी हांक

गडाच्या माथ्यावरून मारलेली हांक खालच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोंचते. तीच दरींतून मारली तर समोरच्या कड्यावर आपटून विरून जाते. बिनतारी संदेशाची गतहि पुष्कळशी अशीच आहे. विशेषतः ज्या लहरींची लांबी दोन मीटरांच्या आसपास असते, त्या डोंगर ओलांडून फारशा वळत नाहींत. दिव्याच्या उजेडांत खांबामागें सावली पडावी, तशी या लहरींची सावली डोंगरामागें पडते. ही सावली कोठें व किती पडते, हें नकाशावर रेखाटण्याची एक विद्याच झालेली आहे.

केंद्र सरकारची परीक्षा देऊन व रीतसर परवाना घेऊन जे लोक केवळ आवडीखातर बिनतारी संदेशयंत्र चालवितात, त्यांस हौशी नभोवाणीकार किंवा बोलण्यांत ‘हॅम’ म्हणतात. त्यांच्या हातांतील लहान यंत्राची शक्ति बहुधा ५ वॅट असते. डोंगराच्या दोन बाजूंस दोघे उभे असले, तर एकाचा शब्द दुसऱ्यास ऐकूं जात नाहीं. म्हणून उंच जागीं ‘रिपीटर’ नांवाचें यंत्र बसवितात. एका कंपनसंख्येवर आलेला शब्द तें त्याच क्षणीं दुसऱ्या कंपनसंख्येवर, अधिक शक्तीनें, पुन्हा प्रक्षेपित करितें. दोन मीटरांच्या पट्ट्यांत या दोहोंमध्यें बहुधा ६०० किलोहर्ट्‌झचें अंतर ठेवितात, म्हणजे यंत्राचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानीं येऊन घोटाळा होत नाहीं.

आतां हा रिपीटर कोणकोणत्या गांवांस उपयोगी पडेल? सोपी रीत अशी : भोंवतालच्या भूमीपासून त्याची उंची मीटरांत घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें व त्यास ४.१२ नें गुणावें. सपाट भूमीवर लहरी किती किलोमीटर जातील, तें यावरून कळतें. हवेच्या थरांमुळें लहरी किंचित् खालीं वांकतात, म्हणून हें अंतर डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजाहून थोडें अधिक येतें. उदाहरणार्थ, सिंहगड पुण्याहून सुमारें ७५० मीटर उंच आहे. तेथें रिपीटर आहे असें गणितापुरतें धरलें, तर उत्तर सुमारें ११३ किलोमीटर येतें. नकाशावर तेवढें वर्तुळ काढलें कीं काम संपलें, असें कोणासहि वाटेल. पण सह्याद्रि सपाट नाहीं. समुद्रसपाटीपासून सिंहगडाची उंची सुमारें १३१२ मीटर, तर त्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या तोरण्याची सुमारें १४०३ मीटर. साहजिकच तोरण्याआडचीं खोरीं वर्तुळाच्या आंत असूनहि सावलींत जातात.

ही सावली हिशेबांत धरावयाची तर प्रत्येक दिशेचा चढउतार ठाऊक पाहिजे. पूर्वीं समोच्चरेषांच्या नकाशावर पट्टी ठेवून एकेक छेद काढावा लागे. फेब्रुवारी २००० मध्यें ‘एंडेव्हर’ या अंतराळयानानें ११ दिवसांच्या सफरींत रडारच्या साह्यानें पृथ्वीवरील सुमारें ८० टक्के भूमीची उंची टिपली. तींतून तयार झालेले आंकडे, सुमारें ३० मीटरांवर एक याप्रमाणें, आज विनामूल्य मिळतात. त्यांच्या जोडीस अनिता लाँग्ली व फिलिप राइस या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६८ सालीं मांडलेली गणितपद्धति घेतात. संगणक रिपीटरपासून सर्व दिशांस रेषा सोडतो, वाटेंतील उंचवटे तपासतो आणि कोणत्या ठिकाणीं किती शक्ति उरेल याचा अंदाज रंगांनीं दाखवितो. लहर कड्याच्या धारेस नुसती घासून गेली, तरी तिची शक्ति सुमारें चतुर्थांश उरते. धार त्याहून वर आली कीं ती झपाट्यानें घटते.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. रिपीटर ऐकूं येणें निराळें आणि रिपीटरला ऐकूं जाणें निराळें. डोंगरावरचें यंत्र २५ वॅटचें असेल, तर त्याची शक्ति हातांतल्या यंत्राच्या पांचपट झाली. त्यामुळें सावलीच्या कडेस उभा असलेला मनुष्य वरचें सर्व कांहीं ऐकतो, पण त्याची स्वतःची हांक वर पोंचत नाहीं. म्हणून चांगला आलेखक दोन नकाशे काढतो : एक ऐकण्याचा व एक बोलण्याचा. बोलण्याच्या नकाशांतहि मोटारीच्या टपावरील एरियल आणि हातांतील आंखूड एरियल यांचा भेद तो करितो.

एवढें करूनहि नकाशा हा अंदाजच असतो. दाट झाडी, उंच इमारती, रस्त्याचें एखादें खोलगट वळण हें सर्व गणितास पुरतें दिसत नाहीं. म्हणून मोटारींतून हिंडून, ठिकठिकाणीं संदेश पाठवून, आवाज कसा आला याची स्थळासह नोंद करावी लागते. नोंद व नकाशा जुळले नाहींत, तर नकाशाच बदलला पाहिजे; डोंगर बदलत नाहीं.

या खटाटोपाचें मोल संकटकाळीं कळतें. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर टेलिफोन मुके झाले असतां हौशी नभोवाणीकारांनीं निरोप पोंचविले. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला व दीडशेहून अधिक माणसें दगावलीं. तें वृत्त बाहेर पोंचलें तें एका एस. टी. चालकामुळें, नेहमींच्या जागीं गांवच नाहीं असें त्यास दिसलें. अशा खोऱ्यांतून उद्यां कोणी बिनतारी हांक मारली, तर ती पोंचणार कीं नाहीं, हें त्यास आधींच ठाऊक असलें पाहिजे. सावलीच्या जागीं कोणी हौसेनें रंग भरला असेल, तर तो बिचारा बटण दाबून उत्तराची वाट पाहत बसेल. तीच जागा प्रामाणिकपणें कोरी सोडली असेल, तर तो वेळ न दवडतां जवळची खिंड गांठील. आणि दुसरा रिपीटर कोठें बसवावा, हेंहि त्या कोऱ्या जागेवरूनच ठरवितां येईल.