संगणक निववावा कशानें ?

घरांतील मुलगा वयांत येऊं लागला म्हणजे पूर्वीं तो सायकलीचा हट्ट धरी. आतां तो खेळासाठीं संगणक जुळवून घेण्याचा हट्ट धरतो. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतें, रॅम किती, याची यादी त्यानें आधींच तोंडपाठ केलेली असते. ती यादी वडिलांच्या हातीं पडते, तेव्हां एका ओळीपाशीं त्यांचें बोट थबकतें : तीन पंख्यांचा लिक्विड कूलर, आणि पुढें चांगली दणदणीत किंमत. संगणकांत पाणी ? विजेच्या उपकरणाला पाणी लागूं नये म्हणून जन्मभर जपलेल्या गृहस्थाला हा प्रकार विचित्र वाटला तर नवल नाहीं. मुलाला उलट वाटत असतें, कीं पाण्यावांचून संगणक तापून जळूनच जाईल. दोघांच्याहि भीतींत थोडें तथ्य आहे, पण हिशेब मांडून पाहिला तर यादींतली ती ओळ बहुतेक घरांत खोडतां येते.

प्रोसेसर जी वीज घेतो ती जवळजवळ सगळी अखेरीस उष्णता होऊन बाहेर पडते. इंटेलचा २०२३ सालीं आलेला कोअर आय९-१४९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरांत २५३ वॅटपर्यंत वीज घेऊं शकतो, आणि ही सर्व उष्णता सिलिकॉनच्या ज्या चकतींतून निघते ती पोस्टाच्या तिकिटाहूनहि लहान असते. घरांतील हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळावर चौरस सेंटिमीटरमागें दहा वॅटहि पडत नाहींत. या चकतीवर ते शंभराच्या घरांत जातात. इस्त्री तापावी म्हणूनच केलेली असते. या चकतीला मात्र १०० अंश सेल्सियस ही शेवटची मर्यादा आहे. तेथें पोंचतांच प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो. म्हणजे तो जळत नाहीं, मंदावतो. ज्या वेगासाठीं पैसे मोजले तो मिळत नाहीं, आणि पंखे तेवढे आकांत करीत राहतात. कूलर घेण्याचें खरें कारण एवढेंच आहे.

चिमुकल्या जागेवरची उष्णता उचलून मोठ्या जागेवर पसरणें, हें कूलरचें पहिलें काम. पसरलेली उष्णता हवेच्या स्वाधीन करणें, हें दुसरें. दुसरें काम सोपें आहे. जुन्या बुलेट मोटारसायकलीच्या इंजिनावर जीं पातीं दिसतात तीं हेंच करतात. अवघड आहे तें पहिलें. तांबें उष्णतेचें उत्तम वाहक असलें तरी भरीव तांब्यांतून एवढी उष्णता वीतभर अंतरावर नेणें कठीणच जातें. येथें एक फार सुंदर युक्ति उपयोगी पडते. हवेच्या कूलरांत तळापासून पात्यांपर्यंत तांब्याच्या वांकड्या नळ्या गेलेल्या असतात. त्या भरीव नसतात. आंतील हवा काढून घेऊन त्यांत थोडेंसें पाणी कोंडलेलें असतें. हवेचा दाब नसल्यामुळें तें कमी उष्णतेंतच उकळतें. तळाशीं त्याची वाफ होते, ती थंड टोंकाकडे धांवते, तेथें तिचें पुन्हां पाणी होतें, आणि दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें तें पाणी नळीच्या सच्छिद्र अस्तरांतून माघारीं येतें. पंप नाहीं, हलणारा भाग नाहीं. जनरल मोटर्समधील रिचर्ड गॉगलर यांना १९४४ सालीं या कल्पनेचें पेटंट मिळालें, पण ती तशीच पडून राहिली. १९६३ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर यांनीं ती स्वतंत्रपणें पुन्हां शोधून काढली, तेव्हां कोठें तिचा बोलबाला झाला. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीच्या एनएच-डी१५ या नांवाजलेल्या कूलरांत अशा सहा नळ्या आहेत. ज्याला बाजारांत हवेचा कूलर म्हणतात त्याच्या पोटांतहि पाणी असतें, तें असें.

लिक्विड कूलरांत हीच ने-आण पंपावर सोंपवलेली असते. प्रोसेसरवर तांब्याच्या तळाची एक चपटी डबी बसते. तिच्या आंत केसासारख्या बारीक खांचा असतात. पंप त्यांतून द्रव खेळवतो, रबरी नळ्यांवाटे तो रेडिएटरकडे जातो, आणि तेथें पंखे त्याची उष्णता काढून घेतात. मोटारगाडीची रचना ज्याला ठाऊक आहे त्याला यांत नवें कांहीं नाहीं. पाण्याची थोरवी अशी, कीं तितक्याच आकारमानाच्या हवेपेक्षां तें सुमारें साडेतीन हजारपट उष्णता पोटांत घेऊं शकतें. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असलें, तर २५० वॅट उष्णता उचलतांना तें अवघें साडेतीन अंशांनीं तापतें. मोठ्या संगणकांनीं हा मार्ग पूर्वींच धरला होता : आयबीएमच्या १९८० मधील ३०८१ या यंत्रांत पाणी खेळवावें लागे, आणि १९८५ मधील क्रे-२ या यंत्राचे भाग तर एका निष्क्रिय द्रवांत चक्क बुडवूनच ठेवलेले असत.

‘कूलर’ या शब्दानें मात्र घोटाळा होतो. नागपूर-अकोल्याकडे कूलर म्हटला म्हणजे डोळ्यांपुढें उन्हाळ्यांतला वाळ्याचा ओला पडदा उभा राहतो. तेथें, माठांत होतें तसेंच, पाणी उडून जातें आणि जातांना उष्णता घेऊन जातें. म्हणून वारा खोलीहून थंड येतो. संगणकांतला द्रव बंद नळींत फिरतो, त्याला असें उडून जाण्यास वाव नाहीं. म्हणून कितीहि महाग कूलर घेतला तरी त्यांतील द्रव खोलींतील हवेहून थंड होऊं शकत नाहीं. (झाला असता, तर मुंबईच्या पावसाळ्यांत थंड पाण्याच्या तांब्यावर जसे थेंब जमतात तसे ते सर्किटावर जमले असते, तेव्हां होत नाहीं हें बरेंच आहे.) परदेशी परीक्षणें बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलींत केलेलीं असतात. एखादा कूलर प्रोसेसरला खोलीहून ५० अंश वर रोखून धरीत असेल, तर तेथें आंकडा ७२ दिसेल; मे महिन्यांत ४० अंशांच्या खोलींत तोच कूलर ९० दाखवील, आणि घरांत सर्वांना वाटेल कीं तो बिघडला. शिवाय संगणकानें घेतलेली वीज उष्णता होऊन खोलींतच राहते, मग ती पात्यांवरून आलेली असो कीं रेडिएटरवरून. ६०० वॅट ओढणारा संगणक एक टनी एसीच्या शक्तीचा सहावा हिस्सा एकटा खातो. पाण्याच्या कूलरनें खोली थंड राहील, ही समजूत सोडून द्यावी.

आतां खेळाकडे वळावें. खेळ चालू असतांना संगणकांत सर्वांत अधिक राबतें तें ग्राफिक्स कार्ड, आणि त्याचा कूलर त्याच्यावरच बसून येतो. एनव्हिडियाच्या २०२५ च्या आरंभीं आलेल्या आरटीएक्स ५०९० या कार्डाची मर्यादा ५७५ वॅट आहे. त्या मानानें प्रोसेसरचा वांटा लहान. खेळणाऱ्यांच्या विशेष पसंतीचा एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी हा २०२४ च्या नोव्हेंबरांत आला. त्याचा नेमलेला आंकडा १२० वॅट, आणि प्रत्यक्ष खेळांत तो बहुधा याच्या पुष्कळ खालींच राहतो. एवढी उष्णता चार नळ्यांचा साधा हवेचा कूलर सहज पेलतो. त्याच्या तिप्पट-चौपट किंमत देऊन तीन पंख्यांचा लिक्विड कूलर बसवला, तर प्रोसेसर कांहीं अंशांनीं थंड राहील, पण खेळाची गति क्वचितच वाढेल. कारण प्रोसेसर मर्यादेला पोंचतच नव्हता. तेच पैसे ग्राफिक्स कार्डाच्या पुढच्या पायरीवर घातले तर फरक डोळ्यांना दिसतो.

लिक्विड कूलरचे पैसे वसूल होतात ते दुसऱ्या ठिकाणीं. ज्या घरांत दिवसा खेळ आणि रात्रीं त्याच संगणकावर व्हिडिओचें संकलन किंवा त्रिमिती चित्रांचें काम चालतें, तेथें प्रोसेसर तासन् तास पूर्ण जोरांत असतो. अशा वेळीं १४९००के सारख्या प्रोसेसरला ३६० मिलिमीटरचा रेडिएटर देणें योग्यच. थोड्या वेळाच्या उसळीलाहि द्रव चांगला : पाव लिटर पाण्याला २०० वॅट मिनिटभर दिले तरी तें अकरा-बारा अंशच चढतें, आणि पंख्यांना एकदम किंचाळण्याचें कारण पडत नाहीं. दुसरी सोय जागेची. एनएच-डी१५ हा १६५ मिलिमीटर उंच आणि पंख्यांसह १३२० ग्रॅम वजनाचा आहे. तो अरुंद कॅबिनेटमध्यें मावत नाहीं, आणि त्याचा सर्व भार मदरबोर्डवर आडवा लोंबतो. नोकरीच्या निमित्तानें पुण्याहून बंगळुरास बिऱ्हाड हलवावयाचें झालें, तर असा कूलर आधीं उतरवून घेणेंच शहाणपणाचें. राहिली शोभा. कांचेआडून दिसणारे रंगीत दिवे ज्याला आवडतात त्यानें ते खुशाल घ्यावे; त्यांचा खर्च मात्र थंडाव्याच्या खात्यावर मांडूं नये.

गळतीची भीति कितपत खरी ? ती अगदींच निराधार नाहीं. ॲपलनें २००४ सालीं पॉवर मॅक जी५ या संगणकाच्या वेगवान नमुन्यांत द्रवाची योजना केली. पुढें अशा यंत्रांपैकीं कांहींत द्रव गळून आंतले भाग निकामी झाले. त्यानंतर सांधे आणि नळ्या पुष्कळ सुधारल्या, आणि कारखान्यांतून बंद होऊन आलेला कूलर गळणें आतां विरळाच. पण गळलाच तर बरोबर त्याच्या खालीं सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड बसलेलें असतें. म्हणून इतर भागांची हानि कंपनी भरून देते कीं नाहीं, हें हमीपत्रांत वाचल्याशिवाय पैसे देऊं नयेत. गळतीहून अधिक संभवनीय शेवट निराळा आहे. पंप झिजतो, शिवाय नळीच्या भिंतींतून द्रवाचा अगदीं सूक्ष्म अंश वर्षानुवर्षें झिरपून जात असतो, आणि बहुतेक बंद कूलरांत तो पुन्हां भरण्याची सोय नसते. हमीचीं पांच-सहा वर्षें संपल्यावर केव्हां तरी सबंध कूलरच बदलावा लागतो. हवेच्या कूलरांत मोडण्यासारखा पंखाच तेवढा. तो बदलला कीं पातीं आणि नळ्या पुढल्या संगणकालाहि बहुधा चालतात.

लिक्विड कूलर घ्यावयाचेंच ठरलें, तर तो बसवतांना होणारी एक चूक टाळावी. नळ्यांत थोडी हवा राहतेच, आणि ती नेहमीं उंच जागा शोधते. पंप सर्वांत उंच ठेवला तर ती त्यांतच जमून खळखळाट होतो आणि पंप लौकर झिजतो. म्हणून रेडिएटरचें वरचें टोंक पंपाहून उंच असावें. हवेच्या कूलरचा वारा कॅबिनेटच्या मागच्या जाळीकडे जाईल असा पंखा लावावा. तळाला चिकटवलेला पारदर्शक पापुद्रा काढण्याचें दोहोंतहि विसरूं नये, आणि थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

आणि धूळ. रस्त्यालगतच्या घरांत दोन-तीन महिन्यांत कॅबिनेटच्या जाळीवर करडी लव चढते, आणि मग हवेचा कूलर काय, पाण्याचा काय, दोघांचेंहि नाक चोंदतें. उन्हाळा लागण्यापूर्वीं एकदां आणि दिवाळीच्या सफाईंत एकदां ब्लोअरनें ती उडवावी. वारा मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. मोकळें सोडलें तर तो भलत्याच वेगानें फिरून त्याचें बेअरिंग दुखावतें. रेडिएटरच्या पट्ट्यांत अडकलेली धूळ वरून दिसत नाहीं. तेथें पंखा सोडवूनच पाहावें लागतें.