मराठी ख्रिस्ती समाजातील नाताळ

मराठी ख्रिस्ती समाजातील नाताळ हा येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण असून तो दरवर्षी २५ डिसेंबर रोजी साजरा केला जातो. त्याआधीचे आगमनकाळाचे चार रविवार, २४ डिसेंबरची रात्र, प्रत्यक्ष जन्मदिन आणि त्यानंतरचे दिवस मिळून हा काळ सुमारे सहा आठवड्यांचा होतो. चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील, गोठ्याचे देखावे, गोडधोड आणि नाताळगीते या त्याच्या सर्वांना दिसणाऱ्या खुणा होत. उपासनेच्या दृष्टीने मात्र शांती आणि स्मरण या दोन कल्पना या काळाच्या केंद्रस्थानी आहेत. शांती म्हणजे केवळ कलहाचा अभाव नव्हे, तर दुरावलेली माणसे पुन्हा जोडली जाणे. आणि स्मरण म्हणजे दिवंगतांची, दूरदेशी असलेल्यांची व दुःखितांची आठवण आनंदाच्या दिवशीही जागी ठेवणे, असा अर्थ या समाजात घेतला जातो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मीयांची संख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी होती. संख्येने लहान असलेला हा समाज कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही परंपरांत विभागलेला असून त्याच्या बोली, खाद्यपदार्थ आणि उपासनेच्या पद्धती प्रदेशानुसार बदलतात.

नाव

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. त्याचे मूळ ‘जन्माविषयीचा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पोर्तुगिजांची सत्ता गोवा आणि उत्तर कोकणापुरती असली तरी हा शब्द सर्व मराठी प्रदेशात रूढ झाला. विदर्भाच्या पूर्व भागात, विशेषतः गोंदियासारख्या हिंदीचा वावर असलेल्या जिल्ह्यात, ‘बडा दिन’ हे हिंदी नावही परिचित आहे. ‘ख्रिस्तजयंती’ आणि ‘ख्रिस्तजन्मोत्सव’ हे शब्द मुख्यतः लेखनात आढळतात.

धार्मिक आधार

ख्रिस्तजन्माची कथा बायबलच्या नव्या करारातील मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येते. लूकच्या कथनानुसार रोमन सम्राट ऑगस्टस याने नावनोंदणीचा हुकूम काढला आणि त्यासाठी योसेफ व गर्भवती मरिया यांना बेथलेहेमला जावे लागले. उतारशाळेत जागा न मिळाल्याने नवजात बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. ही वार्ता प्रथम रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना मिळाली आणि देवदूतांनी पृथ्वीवर शांती नांदावी असे गीत गायिले. नाताळच्या शांतीचा उगम या प्रसंगात मानला जातो. बायबलमधील शांतीवाचक हिब्रू शब्द ‘शालोम’ याच्या अर्थात स्वास्थ्य, पूर्णता आणि न्याय्य संबंध यांचाही समावेश होतो.

मत्तयच्या कथनात याच जन्माची दुसरी, काळोखी बाजू दिसते. नव्या राजाच्या भयाने हेरोद राजा बेथलेहेम परिसरातील लहान मुलग्यांची कत्तल घडवितो आणि मरिया व योसेफ यांना बाळाला घेऊन मिसरात आश्रय घ्यावा लागतो. त्या निष्पाप बालकांचे स्मरण पश्चिमी ख्रिस्तमंडळीत २८ डिसेंबरला, म्हणजे नाताळनंतर तिसऱ्याच दिवशी केले जाते. २६ डिसेंबर हा आद्य हुतात्मा संत स्तेफन याचा स्मृतिदिन असतो. अशा रीतीने जन्मोत्सवाच्या लगतच मृत्यूच्या स्मरणाला उपासनेच्या दिनदर्शिकेने स्थान दिलेले आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

वसई आणि उत्तर कोकण

१५३४ च्या तहाने वसईचा प्रदेश पोर्तुगिजांकडे आला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी तो जिंकून घेतला. राज्यकर्ते बदलले तरी येथील कॅथलिक समाज टिकून राहिला आणि त्याने आपल्या सामवेदी (कादोडी), वाडवळी इत्यादी बोलीही जपल्या. पूर्वी मिस्साविधीची मुख्य भाषा लॅटिन होती. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेतील उपासनेला वाव मिळाला आणि वसईत मराठी ही वेदीवरची भाषा झाली. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण करण्यात आला. ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच परिसरातील होत. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

अहमदनगर

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये केंद्र सुरू केले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच निघू लागले. या भागातील प्रोटेस्टंट समाजात ग्रामीण दलित कुटुंबांतून आलेल्यांचे प्रमाण मोठे असून त्यांच्या नाताळावर मराठी मुलखाची छाप स्पष्ट आहे. करंज्या, शंकरपाळे, चकल्या असा दिवाळीसारखाच फराळ घरोघर केला जातो आणि तो शेजारच्या हिंदू, बौद्ध व मुस्लिम घरांत पोहोचविला जातो.

विदर्भ

नागपूर येथे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ पासून कार्य केले. तेथील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. कॅथलिक व्यवस्थेत गोंदिया शहर आणि बिरसीसारखी त्याच्या आसपासची गावे नागपूर महाधर्मप्रांताच्या कक्षेत येतात. येथील ख्रिस्ती वस्ती विरळ असल्याने वसईप्रमाणे गावेच्या गावे उजळलेली दिसत नाहीत. अशा ठिकाणी सणाचे स्वरूप मुख्यतः चर्च, मिशनच्या शाळा आणि मोजकी कुटुंबे यांच्याभोवती राहते.

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटनाही याच टापूतील आहे. कवी नारायण वामन टिळक हे १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. हा लोहमार्ग गोंदियावरून जातो. त्या वाचनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेण्यात झाली.

शांतीचा काळ

आगमनकाळाचा आरंभ ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी होतो. अनेक चर्चमध्ये हिरव्या पानांच्या वेटोळ्यात चार मेणबत्त्या मांडून दर रविवारी एकेक अधिक पेटविली जाते. आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी त्यांची नावे प्रचलित असून या क्रमात दुसरा रविवार शांतीचा मानला जातो. कॅथलिक परंपरेत हा आत्मपरीक्षणाचा काळ असतो. नाताळपूर्वी पापनिवेदन करावे, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे जाऊन तो संपवावा, भावकीतील वाद मिटवावेत, असा उपदेश धर्मगुरू या दिवसांत आवर्जून करतात. मिस्सामध्ये प्रभुभोजनापूर्वी उपस्थित लोक परस्परांना शांतीचे अभिवादन करतात. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी बहुधा हस्तांदोलन होते, तर भारतात हात जोडून नमस्कार करण्याची पद्धत रुळली आहे.

चर्चा-चर्चांमधील दुरावा हाही या शांतीच्या विचाराचा एक विषय राहिला आहे. मिशनऱ्यांबरोबर युरोप-अमेरिकेतील पंथभेदही भारतात आले होते. ते ओलांडण्याच्या दीर्घ प्रयत्नांतून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट आदी परंपरांतील सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. तो दिवस त्या वर्षीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

स्मरणाचा काळ

कॅथलिक समाजात २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा स्मृतिदिन असतो. त्या दिवशी कबरी स्वच्छ करून फुले वाहिली जातात व मेणबत्त्या लावल्या जातात. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नाताळ येत असल्याने वर्षभरात घरातील कोणी गेले असेल, तर ती उणीव सणात प्रकर्षाने जाणवते. दिवंगतांच्या नावे मिस्सा अर्पण करण्याची प्रथा याही दिवसांत पाळली जाते.

शोकाच्या पहिल्या वर्षी नाताळ साधेपणाने करण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. त्या घरी चांदणी लागत नाही आणि गोड पदार्थ तळले जात नाहीत. मात्र उपासना टाळली जात नाही आणि ते घर सणातून वगळलेही जात नाही. शेजारीपाजारी व नातेवाईक फराळाचे ताट तेथे नेऊन देतात. दुःखात असलेल्या घरात सण बाहेरून आणून पोहोचविण्याची ही रीत मराठी मुलखातील इतर समाजांतही परिचित आहे. नाताळगीते गाणारी मंडळी घरोघर फिरतात तेव्हा वृद्ध, आजारी आणि एकाकी व्यक्तींच्या घरी आवर्जून थांबतात. त्यांना मिळालेल्या देणग्या अनेकदा गरजूंच्या मदतीसाठी वापरल्या जातात.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्रीची वर्षअखेरची उपासना महत्त्वाची असते. सरत्या वर्षाबद्दल उपकारस्मरण करताना त्या वर्षी निधन पावलेल्या सभासदांचीही आठवण केली जाते. १ जानेवारी हा दिवस कॅथलिक चर्चमध्ये १९६८ पासून, पोप सहावे पॉल यांच्या आवाहनानुसार, जागतिक शांती दिन म्हणूनही पाळला जातो. त्यामुळे नाताळच्या आठवड्याचा समारोप पुन्हा शांतीच्या प्रार्थनेने होतो.

साहित्य

ख्रिस्तजन्माची कथा मराठी काव्यात आणण्याचे पहिले मोठे कार्य इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी केले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर (राचोल) येथे छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताचे चरित्र आले आहे. नवख्रिस्ती लोकांना आपली जुनी पुराणश्रवणाची गोडी नव्या श्रद्धेतही लाभावी, ही त्यामागची भूमिका होती.

टिळकांनी हीच दिशा आधुनिक काळात पुढे नेली. ख्रिस्ती उपासना परक्या चालींत अडकून न राहता अभंग, भजन आणि कीर्तन यांतून व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची भक्तिगीते मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. त्यांच्या धर्मांतरामुळे कुटुंबाची ताटातूट झाली होती. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, पुढे त्या परत आल्या आणि स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. ते पूर्ण करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मराठीतील श्रेष्ठ गद्यकृतींत गणले जाते. पहिल्या पिढीतील ख्रिस्ती कुटुंबांना सणाच्या दिवशी जाणवणारा आप्तांचा दुरावा समजून घेण्यासाठी या दांपत्याचे जीवन हे एक महत्त्वाचे साधन आहे.

युद्ध, हिंसा आणि नाताळ

नाताळच्या शांतीची कसोटी संघर्षाच्या काळात लागते. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी डिसेंबर १९१४ मध्ये नाताळपुरता तरी युद्धविराम करावा असे आवाहन केले होते. सरकारांनी ते मानले नाही. तरीही पश्चिम आघाडीवर अनेक ठिकाणी सैनिकांनी आपण होऊन गोळीबार थांबविला, गीते गायिली आणि दोन खंदकांमधील जागेत पडलेल्या मृतांचे दफन केले. या अनौपचारिक विरामात भारतीय सैन्यातील गढवाल रायफल्सचे जवानही सहभागी होते. युद्ध संपल्यावर २४ डिसेंबर १९१८ रोजी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नऊ वाचने आणि नाताळगीते यांची उपासना सुरू झाली. सैन्यात धर्मगुरू राहिलेल्या एरिक मिलनर-व्हाइट यांनी तिच्या आरंभीच्या प्रार्थनेत दृष्टीआड झालेल्यांच्या स्मरणाला स्थान दिले. हा उपासनाक्रम पुढे जगभर, भारतातील अनेक चर्चमध्येही, स्वीकारला गेला.

भारतातही हा सण हिंसेपासून सर्वथा मुक्त राहिलेला नाही. ओडिशातील कंधमाल जिल्ह्यात २००७ च्या नाताळाच्या सुमारास चर्च व घरांवर हल्ले झाले. २०२३ मध्ये गाझातील युद्धामुळे खुद्द बेथलेहेममधील सार्वजनिक सोहळे रद्द करण्यात आले. उपासना मात्र झाल्या. उत्सव स्थगित झाला तरी प्रार्थना स्थगित होत नाही, हा या सणातील भेद अशा प्रसंगी स्पष्ट होतो.

सद्यस्थिती

शिक्षण व नोकरीनिमित्त झालेल्या स्थलांतरामुळे मराठी ख्रिस्ती कुटुंबे आज मुंबई, पुणे, आखाती देश आणि त्यापलीकडेही विखुरली आहेत. गावाकडील घरात नाताळला सारी भावंडे जमणे पूर्वीइतके सहज राहिलेले नाही. शहरी बाजारपेठेने सणाला खरेदीचे रूप दिले असून त्याविषयीची चिंता चर्चच्या प्रवचनांतून व्यक्त होते. दुसरीकडे, मराठी भजने, घरगुती फराळ, शेजाऱ्यांकडे ताट देण्याची चाल आणि दिवंगतांसाठीच्या प्रार्थना टिकून आहेत. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पिढीपर्यंत मराठीतील उपासना आणि गीते पोहोचविणे, हा या परंपरेपुढील आजचा महत्त्वाचा प्रश्न आहे.