‘जनावरांना पत्रा चालतो’ असं म्हणण्यापूर्वी

श्वाननिवाऱ्याचा विस्तार करायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, “जनावरंच ती. चार खांब उभे करू, वर पत्रा टाकू. पर्यावरणपूरक बांधकाम माणसांसाठी ठीक आहे, इथे ती चैन कशाला?” असं बोलणारी माणसं निर्दय नसतात. बहुतेक वेळा देणग्या गोळा करणारी आणि पहाटे उठून औषधपाणी करणारी मंडळी तीच असतात. म्हणूनच हे वाक्य ऐकून जास्त त्रास होतो. ते चुकीचं आहे, आणि चूक एकदा बांधून झाली की तिच्याखाली पुढची पंधरा-वीस वर्षं जनावरांना राहावं लागतं.

हा प्रश्न आता लांबणीवर टाकण्यासारखा राहिलेला नाही. शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी दिला. त्या आदेशाबद्दल प्राणिमित्रांमध्ये आणि नागरिकांमध्ये तीव्र मतभेद आहेत. पण त्याचा एक परिणाम स्पष्ट आहे. देशभरातल्या नगरपालिकांना आणि महापालिकांना जागा वाढवायची आहे, तीही घाईत. आपल्याकडे घाईत जे उभं राहतं, ते पत्र्याचंच असतं.

पत्र्याखाली काय होतं ते नीट समजून घेऊ. साधा लोखंडी पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. ऊन अडवण्यापलीकडे त्याच्यात उष्णता थोपवण्याची काहीही ताकद नसते. एप्रिल-मेच्या दुपारी तो सहज 60 अंश सेल्सियसच्या पुढे जातो, आणि मग सावली देणारं छतच खाली उष्णता फेकू लागतं. त्यामुळे शेडमध्ये लावलेला तापमापक 40 दाखवत असला, तरी खाली बसलेल्या जिवाला लागणारी झळ त्याहून बरीच जास्त असते. दुपारी बाराला पत्र्याच्या टपरीत उभं राहिलं की आपल्याला हे लगेच कळतं. आपण बाहेर पडतो. पिंजऱ्यातलं कुत्रं कुठे जाणार?

त्यात कुत्र्याचं शरीर आपल्यासारखं नाही. त्याचं नेहमीचंच तापमान 38.3 ते 39.2 अंशांच्या दरम्यान असतं. ते 41 च्या वर गेलं की उष्माघात, आणि लगेच उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू. आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो; कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी काम करतात त्या मुख्यतः पंजांच्या गादीत. अंग थंड करायला त्याच्याकडे खरा उपाय एकच, जीभ बाहेर काढून धापा टाकणं. तोंडातला आणि श्वासमार्गातला ओलावा वाफ होऊन जातो, त्याबरोबर उष्णता जाते.

आता “पंखे लावले आहेत की” या उत्तराकडे बघा. पंखा हवा थंड करत नाही. तो आपल्या अंगावरचा घाम लवकर वाळवतो, म्हणून आपल्याला गार वाटतं. ज्याच्या अंगावर घामच नाही, त्याला पंख्याचा उपयोग फार थोडा. उलट पत्र्याखाली साठलेली गरम हवा पंखा खाली ढकलतो. ज्या निवाऱ्यात देणगीदाराच्या नावाच्या पाटीसह बारा पंखे गरगरतात आणि खाली कुत्री ओल्या फरशीला पोट लावून पडलेली असतात, तिथे त्या कुत्र्यांनी इमारतीचं परीक्षण करून ठेवलेलं असतं.

मुंबई-कोकणातली गोष्ट आणखी बिकट. दमट हवेत ओलावा वाफ होऊन जायला वावच कमी मिळतो, म्हणजे धापा टाकण्याचा उपायही तोकडा पडतो. तिथे वाळ्याचे कूलर लावणं म्हणजे आधीच दमट असलेल्या हवेत आणखी पाणी मिसळणं. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या मे महिन्यात तोच कूलर चांगलं काम करतो, पण समोरून हवा बाहेर जायला वाट असेल तरच. एकच नकाशा घेऊन रत्नागिरीत आणि चंद्रपुरात निवारा बांधणाऱ्यांनी निदान एवढा फरक करावा. चपट्या नाकाचे पग आणि दाट केसांचे हस्की आता शहरांमधल्या निवाऱ्यांत सोडून दिलेले दिसतात. त्यांच्यासाठी हा फरक जगण्यामरण्याचा असतो.

“पण पत्रा स्वस्त आहे ना?” उभा करायला स्वस्त आहे, खरं आहे. रात्री तो लवकर निवतो, हेही खरं. पण नंतर दर उन्हाळ्यात छतावर पाणी मारायचं, गोणपाटं बांधायची, कूलर घ्यायचे, विजेचं बिल भरायचं आणि आजारी जनावरांच्या सलाइनचा खर्च करायचा. हे पैसे बांधकामाच्या खात्यात दिसत नाहीत, म्हणून पत्रा स्वस्त वाटतो. नवा पत्रा चकाकतो म्हणून तो तापत नाही, हीसुद्धा एक समजूत आहे. चकाकणारा जस्ताचा पृष्ठभाग ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण शोषलेली उष्णता पुन्हा आकाशाकडे सोडायला तो फार वाईट. गंज आणि धूळ बसली की परतवणंही गेलं. पांढरा रंग किंवा चुना या दोन्ही बाबतींत त्याच्याहून कितीतरी सरस ठरतो.

यात नवीन किंवा परदेशी काही नाही. सोलापूर-मराठवाड्यातलं माळवद उन्हाळ्यात गार राहतं ते मातीच्या जाड थरामुळे. दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. कोकणातल्या कौलारू गोठ्यात गरम हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाते. केरळमध्ये वास्तुकार लॉरी बेकर यांनी गरिबांच्या घरांसाठी वापरलेल्या रॅट-ट्रॅप बाँडच्या भिंतीत विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात. विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. त्यांच्याच फिलर स्लॅबमध्ये काँक्रीटचं जिथे काही काम नसतं तिथे जुनी मंगलोरी कौलं बसवतात. सिमेंट वाचतं आणि छतही कमी तापतं. 2010 च्या भीषण उष्णतेनंतर अहमदाबादने 2013 साली उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तेलंगणाने 2023 साली थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. हे सगळं साध्या घरांसाठी, कमी पैशात केलेलं काम आहे. याला चैन म्हणताच येणार नाही.

आणि हातात खरोखरच पत्र्यापुरतेच पैसे असतील, तर तोच पत्रा शहाणपणाने टाकता येतो. उंची वाढवा. आढ्याला गरम हवा जायला झरोका ठेवा. वरून पांढरा लेप, खालून बांबूच्या तट्ट्यांचं छत आणि दोहोंमध्ये वारा खेळेल एवढी पोकळी ठेवा. किंवा थोडे जास्त घालून पफ पॅनेल, म्हणजे मध्ये फोम भरलेला दुहेरी पत्रा घ्या. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला फक्त आखूड बाजू सापडते. वळचण खाली आणि पुढे घ्या. नकाशावर शेडची दिशा बदलायला एक रुपयाही लागत नाही, तरी बहुतेक शेडी रस्त्याला काटकोनात उभ्या राहतात, कारण ते दिसायला नीट दिसतं. याचा मला फार राग येतो.

पत्र्याचा आणखी एक दोष कोणी मोजतच नाही, तो म्हणजे आवाज. कुत्र्यांच्या निवाऱ्यात भुंकण्याचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, हे मोजमापांतून वारंवार दिसलं आहे. कडक भिंती आणि पत्रा तो आवाज परतवत राहतात. एक भुंकलं की पन्नास भुंकतात. पावसाळ्यात वरून पत्रा वाजतो तो वेगळाच. अॅमस्टरडॅममधल्या, 2007 साली झालेल्या प्राणी निवाऱ्यात इमारतच लांब पट्टीसारखी दुमडून कुत्र्यांची दालनं आतल्या अंगणांकडे तोंड करून ठेवली आहेत, म्हणजे आवाज शेजारवस्तीकडे जात नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारींनी निवारे हलवावे लागतात, हे आपल्याकडेही सगळ्यांना ठाऊक आहे.

विस्तार करताना होणारी सगळ्यात घातक गोष्ट मात्र वेगळीच आहे. दोन जुन्या शेडींमधलं मोकळं अंगण दिसतं आणि कोणीतरी म्हणतं, इथेच झाकून टाकू, तीस पिंजरे वाढतील. ते अंगण रिकामं नसतं, दोन्ही शेडी त्याच्यातून श्वास घेत असतात. निवाऱ्यांमध्ये काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या अमेरिकी संघटनेने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ताशी 10 ते 20 वेळा खोलीतली हवा ताज्या हवेने बदलली जावी, ही शिफारस आहे. याचं कारण वास नाही, संसर्ग आहे. केनेल कफसारखे श्वसनाचे आजार कोंदट हवेत झपाट्याने पसरतात. अंगण झाकलं की तीस पिंजरे वाढतात आणि जुन्या शंभर पिंजऱ्यांची हवा जाते. सगळं बंद करून एसी लावणं हाही उपाय नाही. ताजी हवा आत घेत नसेल, तर तो एसी एकाचा खोकला सगळ्यांना वाटत राहतो. आजारी जनावरांचा कक्ष वाऱ्याच्या खालच्या बाजूला हवा आणि त्याची मोरी वेगळी हवी.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींविषयी. यांना सगळं ‘नैसर्गिक’ हवं असतं: मातीची जमीन, सारवलेल्या भिंती, वर गवत. गोठ्यात हे चालतं, फिरण्याच्या अंगणातही चालतं, पण नव्याने आलेल्या आणि आजारी कुत्र्यांच्या दालनात मातीची जमीन धोकादायक आहे. पिल्लांचा जीव घेणारा पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, पोषक परिस्थितीत वर्षभरसुद्धा. हुकवर्मच्या अळ्या ओलसर मातीतच वाढतात. माती निर्जंतुक करता येत नाही. तिथे घोटलेला, भेगा नसलेला कोबा किंवा एकसंध लेपच हवा, उतार नीट काढलेला, आणि एका पिंजऱ्याचं पाणी दुसऱ्या पिंजऱ्यातून वाहणार नाही अशी पन्हळ. शहाबादी फरशीच्या सांध्यांतही घाण अडकते. इथे सिमेंट वापरणंच टिकाऊपणाचं आहे, कारण एका साथीत पंचवीस पिल्लं गेली तर त्या मातीच्या जमिनीचा पर्यावरणाला काय फायदा झाला?

फिनाइलने सगळं मरतं, हा समज सोडा. पार्व्हो त्याने मरत नाही. आधी घाण पूर्ण धुऊन मग घरगुती ब्लीच एकास तीस पाण्यात मिसळून दहा मिनिटं ठेवावं लागतं. फिनॉलयुक्त द्रावणं मांजरांना विषारी असतात, हेही लक्षात ठेवा.

छतावर सौर पॅनेल बसवले म्हणून इमारत हरित होत नाही. आधी विजेची गरज कमी करा, मग पॅनेल बसवा. छतापासून थोडे उंचावर बसवले तर त्यांची सावली छतालाही मिळते.

शेणाचं खत होतं म्हणून कुत्र्यांच्या विष्ठेचं खत भाजीपाल्याला घालू नका. तिच्यातल्या जंतांची अंडी चिवट असतात आणि माणसांनाही बाधतात.

पावसाचं पाणी साठवणं आपल्या आवाक्यातलं नाही, असं म्हणण्यापूर्वी हिशेब करा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पुण्यात वर्षाला 700 मिलिमीटर धरला तर 500 चौरस मीटर छतावर साडेतीन लाख लिटर पडतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी 2,80,000 लिटर हाती राहतात. पाऊस नसेल तिथेही वाट निघते: कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं पाम स्प्रिंग्जचं निवारा केंद्र तर पिंजरे धुवायलाही सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी वापरतं.

आणि पिंजरे वाढवले की क्षमता वाढते, हाही गैरसमजच. रोज दहा कुत्री येत असतील आणि प्रत्येक सरासरी दहा दिवस राहत असेल, तर शंभर जागा लागतात. शस्त्रक्रियेची रांग कमी करून, दत्तक देण्याची तयारी लवकर सुरू करून हा मुक्काम सात दिवसांवर आणला, तर सत्तर जागा पुरतात. तीस पिंजऱ्यांचं सिमेंट, पाणी आणि वीज तिथेच वाचते. वाचलेल्या पैशात एका पशुवैद्याचा पगार आणि उरलेल्या सत्तर पिंजऱ्यांवरचं नीट छत, दोन्ही बसू शकतं. हा गुणाकार निविदा काढण्यापूर्वी करायचा असतो, शेड उभी राहिल्यावर नव्हे.