स्वमग्न मुलांच्या उपचार-कक्षात नेमके काय चालते?

रुग्णालय पाहावयास येणारे देणगीदार बालविकास विभागाच्या दाराशी आले की बहुधा थोडे गोंधळतात. शस्त्रक्रियागृहात दिवे व यंत्रे दिसतात, रक्तपेढीत शीतकपाटे दिसतात. येथे मात्र सतरंजीवर बसलेली एक उपचारिका, तिच्यासमोर तीन-चार वर्षांचे एक मूल आणि मधोमध साबणाच्या फुग्यांची बाटली, एवढेच दृष्टीस पडते. उपचारिका फुगे सोडते आणि थांबते. मूल हवेत विरणाऱ्या फुग्यांकडे पाहते, मग बाटलीकडे पाहते. उपचारिका थांबूनच राहते. बऱ्याच वेळाने मूल बाटली तिच्या हाताकडे ढकलते आणि क्षणभर मान वर करते. त्याच क्षणी ती पुन्हा फुगे सोडते. पाहणाऱ्यास हा खेळ वाटतो आणि तो खेळ आहेही. परंतु हाच उपचार आहे, आणि या विभागावर होणारा बहुतेक खर्च त्या थांबण्यासाठी होतो. वर्षभरातील कामाची आकडेवारी अहवालात यथास्थान दिलेली आहे; त्या आकड्यांमागील काम कसे चालते, हे सांगण्यासाठी हा लेख.

स्वमग्नता अथवा ऑटिझम या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणावरून केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्परगर यांनीही अशाच काही मुलांविषयी लिहिले. ही मेंदूच्या विकासाची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. तो संसर्ग नव्हे, वेड नव्हे, आणि औषधाने बरा होणारा आजारही नव्हे. वर्षाचे झालेले मूल नावाने हाक मारली असता वळून पाहत नाही. दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. खेळण्यातली मोटार जमिनीवर चालवण्याऐवजी उलटी करून तिची चाकेच फिरवत बसते. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात घेऊन किंचाळते. अशा खुणा एकत्र दिसू लागल्या म्हणजे तपासणी आवश्यक ठरते. ‘स्वमग्न’ हा मराठीत रूढ झालेला शब्द गोड असला, तरी किंचित दिशाभूल करणारा आहे. हे मूल स्वतःतच रमलेले असते असे नाही. पुष्कळदा त्याला आपल्यापर्यंत यावयाचे असते, पण येण्याची वाट त्याला सापडत नाही.

आपल्या देशातील पाच ठिकाणी, त्यांत गोव्याचाही समावेश होता, केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन ते नऊ वर्षे वयाच्या शंभर मुलांमागे सुमारे एक मूल स्वमग्न आढळले. म्हणजे हा प्रश्न श्रीमंत देशांचा अथवा महानगरांचा नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे, कारण या विभागात येणाऱ्या माता तिचे ओझे घेऊनच पायऱ्या चढतात. गेल्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत असा समज पसरला होता की आईच्या थंड, कोरड्या वागण्यामुळे मूल स्वमग्न होते. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तो अधिकच दृढ केला. वस्तुतः त्यापूर्वीच, १९६४ मध्ये, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी त्याचे साधार खंडन केले होते, आणि १९७७ मध्ये जुळ्या भावंडांवरील संशोधनाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला. तो सिद्धांत शास्त्राने केव्हाच टाकून दिला. आपल्या घरांतून मात्र तो निरनिराळे वेष घेऊन वावरतच आहे. आईने नोकरी सोडली नाही म्हणून, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून, मूल कोणाकडे सोडले म्हणून! यांपैकी एकही कारण खरे नाही. लसीकरणाचाही येथे दोष नाही. १९९८ मध्ये तसा संशय निर्माण करणारा जो निबंध प्रसिद्ध झाला होता, तो ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

आता प्रत्यक्ष उपचाराकडे वळू. वर्तनोपचाराचा पाया एका साध्या निरीक्षणावर उभा आहे. मूल जे करते, त्याच्या आधी काहीतरी घडलेले असते आणि नंतरही काहीतरी घडते. एखादा मुलगा जेवणाच्या वेळी भिंतीवर डोके आपटतो, अशी तक्रार घेऊन पालक येतात. ‘हट्टी आहे’ हे त्याचे घरातील निदान. उपचारिका लगेच कोणताही उपाय सांगत नाही. ती आईच्या हाती एक वही देते आणि आठवडाभर तीन रकाने भरावयास सांगते : आधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. आठवड्याने वही उघडली की बहुधा चित्र दिसू लागते. ताटात भात आणि आमटी कालवलेली असली की डोके आपटणे सुरू होते; आई घाबरून ताट उचलते; आपटणे थांबते. म्हणजे मुलगा ‘हे मला नको’ एवढेच सांगत असतो आणि ते सांगण्याची त्याच्यापाशी असलेली एकमेव रीत घरातील सर्वांना कळतेही. तेव्हा त्याला रागे भरण्याऐवजी ‘नको’ म्हणण्याची दुसरी, सोपी रीत शिकवावयाची : हाताने ताट बाजूला सारणे, मान हलवणे, अथवा एक चित्र उचलून देणे. आणि ती त्याने वापरली की तिचा मान ठेवून ताट खरोखरच उचलावयाचे. एडवर्ड कार व मार्क ड्युरँड या अमेरिकन संशोधकांनी १९८५ मध्ये हेच प्रयोगाने दाखवले. त्रासदायक वर्तनाने मूल जे मागत असते ते मागण्याची योग्य रीत त्यास शिकवली, की ते वर्तन शिक्षेवाचून कमी होते. पालकांना समजावून सांगण्यास सर्वांत अवघड गोष्ट हीच असते. मुलाचे ‘लाड’ आणि मुलाला मिळालेले ‘उत्तर’ यांतील अंतर वहीतील रकाने पाहिल्यावाचून पटत नाही.

शिकवण्याची पद्धत ही बारीक पायऱ्यांची. शर्ट घालणे ही आपल्याला एक कृती वाटते. उपचारिकेच्या कागदावर तिचे दहा-बारा भाग असतात. पुष्कळदा शिकवणे शेवटापासून सुरू होते. बाकी सर्व बटणे आई लावते, शेवटचे तेवढे मूल लावते, म्हणजे काम पुरे केल्याचा आनंद त्याच्या वाट्यास येतो. मग शेवटची दोन, मग तीन. प्रथम हात धरून, पुढे नुसते कोपरास स्पर्श करून, नंतर केवळ खुणेने. दिलेला आधार काढून घेणे हीच यातील खरी कला होय. बक्षीस म्हणजे दर वेळी गोळी-चॉकलेट नव्हे. एखाद्या मुलास गिरकी आवडते, एखाद्यास पंख्याच्या वाऱ्यात रुमाल धरून ठेवणे आवडते. काय आवडते हे त्या मुलाकडूनच शिकावे लागते. ज्यांना वाणी नाही अशांसाठी चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत वापरतात. ती १९८५ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी विकसित केली. मूल बिस्किटाचे चित्र आईच्या हाती देते आणि बिस्किट मिळते. चित्रे दिल्यास मूल बोलावयाचे सोडून देईल, ही भीती जवळजवळ प्रत्येक आजोबा व्यक्त करतात. तसे होत नाही. मागणे कळू लागले की काही मुलांच्या तोंडी शब्दही येऊ लागतात.

या शास्त्राची काळी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लॉस एंजेलिस येथील इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये १९ मुलांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. या मुलांना आठवड्यास सुमारे ४० तास, दोन वर्षे वा अधिक काळ, वर्तनोपचार देण्यात आले होते आणि त्यांपैकी ९ मुलांनी सर्वसाधारण बुद्ध्यंकासह सर्वसाधारण शाळेतील पहिली इयत्ता पार केली. जगभर आशेची लाट उसळली. परंतु ही मुले चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे त्या यशाविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. शिवाय मोठ्याने ‘नाही’ असे खडसावणे व मांडीवर चापट मारणे हाही त्या उपचाराचा भाग होता, आणि त्याआधीच्या काळात तर विजेचे झटकेही देण्यात आले होते. अशा उपचारांतून गेलेल्या स्वमग्न व्यक्तींनी प्रौढपणी त्याविषयी जे लिहिले व सांगितले आहे, ते उपचारकांनी मान खाली घालून वाचावे असेच आहे. आपल्या विभागात शिक्षेस स्थान नाही. मूल आनंदाने हात फडफडवत असेल तर ते थांबवणे हे उद्दिष्ट मानले जात नाही आणि डोळ्यांत डोळे घालून पाहण्याची सक्तीही केली जात नाही. मूल ‘इतरांसारखे दिसावे’ यासाठी हा उपचार नाही. त्याला मागता यावे, नाकारता यावे, दुखते आहे हे सांगता यावे आणि रस्ता ओलांडताना थांबता यावे, यासाठी आहे.

आठवड्यास ४० तास हा हिशेब कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाच्या आवाक्यातील नाही, आणि मुलाच्या बालपणासही तो परवडणारा नाही. सुदैवाने पुढील संशोधनाने दुसरी वाट दाखवली. खेळ, जेवण, आंघोळ अशा नित्याच्या व्यवहारात गुंफलेला आणि पालकांच्या हातून होणारा उपचारही उपयोगी पडतो. यातील एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या शेजारीच झाला. गोव्यात व पाकिस्तानातील रावळपिंडीत ६५ मुलांचा समावेश करून झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आई व मूल खेळत असताना त्यांचे थोडा वेळ चित्रीकरण करावयाचे आणि मग आईसोबत बसून ते पाहावयाचे; मुलाने कोठे पुढाकार घेतला, आपण तो कोठे हेरला, कोठे हातचा गेला, हे तिचे तिलाच दिसू द्यावयाचे. हे काम तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांनी केले. पालकांचा प्रतिसाद लक्षणीय सुधारला आणि मुले आपण होऊन अधिक संवाद साधू लागली. सर्वच बाबतींत सुधारणा दिसली नाही, हेही नमूद केले पाहिजे. तथापि तज्ज्ञ दुर्मीळ असलेल्या आपल्यासारख्या देशात याचे मोल फार मोठे आहे. आपल्या विभागातील पालकवर्ग याच विचाराने चालतात.

तरीही प्रत्येक मुलामागे एक प्रशिक्षित माणूस आणि त्याचा निवांत वेळ लागतोच. एकाच उपचारिकेसमोर एका वेळी दहा मुले बसवता येत नाहीत. पाऊण तासाचे काम दहा मिनिटांत उरकता येत नाही. क्ष-किरण यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, आणि ते कोरलेच पाहिजे. पण वाट पाहत बसलेल्या उपचारिकेच्या तासावर नाव कोठे कोरणार? या विभागास मिळणारे दान म्हणूनच सर्वांत अदृश्य राहते. दोन ते पाच या वयात मेंदूची शिकण्याची क्षमता मोठी असते, आणि नेमकी तीच वर्षे ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिराच बोलला’ या समजुतीत, आणि त्यानंतर प्रतीक्षायादीत जातात. पहिल्या कारणाचे निराकरण लेखाने होऊ शकेल. दुसऱ्याचे होण्यास आणखी उपचारिका नेमाव्या लागतील. विश्वस्त मंडळाने या खर्चाकडे त्या दृष्टीने पाहावे, अशी विनंती आहे.

पालकांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगतांत तिचा समावेश केला. प्रमाणपत्र काढल्याने मुलावर शिक्का बसतो असे मानून पुष्कळ कुटुंबे ते टाळतात. परंतु राष्ट्रीय न्यासाची वार्षिक १ लाख रुपयांपर्यंतची ‘निरामय’ विमा योजना अथवा परीक्षेतील सवलती त्यावाचून मिळत नाहीत. दुसरी गोष्ट मूलपेशींची. घर गहाण ठेवून हे उपचार करून घेतलेली कुटुंबे आमच्याकडे येतात. स्वमग्नतेवर या उपचाराचा लाभ सिद्ध झालेला नाही, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये त्याची शिफारस करता येत नाही व त्याची जाहिरात हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे स्पष्ट केले आहे.

प्रथम भेटीस येताना मुलाचे लसीकरण-पत्र, पूर्वीच्या तपासण्यांचे कागद आणि मूल घरी आपल्या नादात असताना भ्रमणध्वनीवर घेतलेले थोडे चित्रीकरण सोबत आणावे. अनोळखी खोलीत मूल जसे वागते तसे ते घरी वागतेच असे नाही. त्याच्या झोपेची वेळ टाळावी. त्याचे आवडते खेळणे, मग ते डब्याचे झाकण का असेना, बरोबर असू द्यावे. आई-वडील दोघांनीही यावे. आणि दिवसभर मुलास सांभाळणारी आजी घरात असेल, तर तिलाही आवर्जून आणावे.