किल्ली फिरेना, गाडी निघेना



गळिताचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडे एकही वाहन दारात उभे राहत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉल्या ऊस ओढतात आणि घरची व्हॅन बाकी सगळे ओढते. टोळीचा बाजार, खताची पोती, दुधाचे कॅन, आणि प्रसंगी आजारी माणूस. या व्हॅनच्या टायरची, ऑइलची चौकशी आपण वरचेवर करतो. किल्लीच्या कुलुपाकडे मात्र ते पुरते अडल्याखेरीज कोणी पाहत नाही. आमच्याही घरी असेच झाले, म्हणून हा लेखनप्रपंच.

जानेवारीतली थंडीची रात्र. धाकट्या भावाच्या मंडळींना कळा सुरू झाल्या. दवाखाना अठरा किलोमीटरवर. भाऊ गाडीत बसला, किल्ली घातली आणि ओरडला, "दादा, किल्ली फिरंना झालीया!" पाच-दहा मिनिटे खटपट केली. शेवटी घाईला येऊन त्याने पक्कड आणली आणि किल्ली पिळली. अर्धी किल्ली हातात, अर्धी कुलुपात! शेजाऱ्यांची जीप फडावर गेली होती. ती येईस्तोवर पाऊण तास गेला. दोन्ही जीव सुखरूप राहिले, ही देवाची कृपा. पण त्या पाऊण तासात आई उंबऱ्यात बसून आम्हा दोघा भावांकडे जशी बघत होती, ते आजही विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कुलूप उतरवले. म्हणाले, "आण्णा, हे काय एका रात्रीत अडकलं न्हाई. दिवाळीपास्नं सांगत आसंल की तुमाला!" बोलणे खरे होते. किल्ली जरा बाहेर ओढून, जरा हलवून फिरवायची सवय घरातल्या सगळ्यांना लागली होती. मध्ये कुणीतरी आत खोबरेल तेलही सोडले होते.

कुलूप का अडते?

कुलुपाच्या आत धातूच्या पातळ पट्ट्या आणि त्यांना रेटणाऱ्या बारीक स्प्रिंगा असतात. किल्लीच्या दात्यांनी सर्व पट्ट्या एका पातळीत आल्या की मधला गोल दांडा फिरतो. एक पट्टी जरी वर-खाली राहिली तरी तो फिरत नाही. रस्त्याचा फुफाटा, पाचटाचा भुसा, उसाच्या रसाने चिकट झालेले हात हे सगळे किल्लीबरोबर आत जाते. त्यात तेल पडले की धुळीचा चिखल होतो. खोबरेल तर थंडीत गोठते. आमच्या कुलुपात नेमके हेच झाले होते.

दुसरे कारण झिजलेली किल्ली. वर्षानुवर्षे वापरून दाते गोल होतात आणि पट्ट्या पुरत्या उचलल्या जात नाहीत.

तिसरे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. किल्ली काढल्यावर स्टिअरिंग अडकवणारा एक खिळा असतो. चाक वळवून दगडाला किंवा बांधाला टेकवून गाडी उभी केली, तर स्टिअरिंगचा सगळा ताण त्या खिळ्यावर येतो आणि किल्ली जाम होते. त्या रात्री आमच्या गाडीचे पुढचे चाकही दगडाला टेकलेले होते.

अडल्यावर काय करावे?

प्रथम स्टिअरिंग हाताने हळूहळू डावी-उजवीकडे हलवावे आणि त्याच वेळी किल्लीला हलका जोर द्यावा. खिळ्यावरचा ताण सुटला की किल्ली सहज फिरते. तेवढ्याने न जमल्यास घरातली कमी वापरातली दुसरी किल्ली लावून पाहावी. ती फिरली तर दोष किल्लीचा. नवी किल्ली करवायची ती या चांगल्या किल्लीवरूनच. झिजलेलीवरून केली तर झीजही नव्या किल्लीत उतरते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांच्या किल्लीत चिप असते. तिथे नुसते दाते कापून भागत नाही. कुलूप फिरते पण इंजिन चालू होत नाही.

दोन्ही किल्ल्या अडखळत असतील तर ग्रॅफाइटची कोरडी पूड चिमूटभर सोडावी आणि किल्ली दहा-वीस वेळा आत-बाहेर करावी. अडल्या वेळी शिसपेन्सिलीचे टोक किल्लीच्या दात्यांवर घासले तरी काम निभावते. ग्रीस, गोडेतेल, डिझेल आत घालू नये. पेट्रोल तर मुळीच नको. कुलुपामागे विजेचा स्विच असतो, ठिणगी पडली तर आग लागेल.

किल्ली नीट फिरते पण दिवे लागत नाहीत, अशी तक्रार असेल तर कुलुपाला दोष देऊ नये. बॅटरी, फ्यूज किंवा मागचा स्विच तपासून घ्यावा.

दोन धोके

गाडी सुरू झाल्यावर किल्ली स्प्रिंगेने आपोआप मागे आली पाहिजे. ती तिथेच अडकली तर स्टार्टर फिरत राहतो आणि जळतो. किल्ली हाताने मागे आणावी. येत नसेल तर विलंब न लावता बॅटरीची वायर सोडवावी. त्यासाठी एक पाना गाडीत असू द्यावा.

दुसरा धोका याहून मोठा. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी बंद करणारे आपल्यात कमी नाहीत. इंजिन बंद झाले की ब्रेक जड होतो. त्यात चुकून किल्ली बाहेर आली तर स्टिअरिंगच अडकते. दोन रुपयांच्या डिझेलसाठी जीव धोक्यात घालू नये.

गुच्छाचे ओझे

घराची, मोटारीच्या पेटीची, गोठ्याची अशा सगळ्या किल्ल्या आपण गाडीच्या किल्लीला अडकवतो. खड्ड्याखड्ड्याला हा गुच्छ झोके घेतो आणि कुलूप झिजवतो. अमेरिकेत २०१४ साली जनरल मोटर्स कंपनीला जगभरातून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या किल्लीमागच्या स्विचची अटक ढिली होती. गुच्छाच्या वजनाने किंवा धक्क्याने चालत्या गाडीत किल्ली मागे फिरे, इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसत. पुढे १२४ मृत्यूंची भरपाई देण्यात आली. तो दोष बनावटीचा होता, आपला निष्काळजीपणाचा. पण गुच्छ हलका ठेवावा हा धडा दोघांनाही सारखाच.

आता आमच्या गाडीला नवे कुलूप आहे. तिची किल्ली एकटीच असते आणि दुसरी देवघरात ठेवलेली आहे. पुतण्या चालायला लागला आहे. त्या किल्लीवर त्याचा फार डोळा!

बंधूंनो, आज घरी गेल्यावर आपल्या व्हॅनची किल्ली एकदा सावकाश फिरवून पाहा. अडखळली तर उद्याच मिस्त्रीला दाखवा. कुलूप आधी सांगते. ऐकायचे की नाही, हे आपल्या हाती आहे.